दाढी

आरोसाच्या खाडीत निलगिरीच्या ओंडक्यांचे तराफे,
तराफ्यांना दोर, दोरांना शिंपले,
काळे, ओले, एकमेकांच्या उरावर बसलेले.
दोरिंदा एकेचाळीस वर्षं ते ओरबाडते आहे.
तिच्या तळव्यावरच्या निम्म्या रेषा
कवचांनी काढल्यात.

दाढी उपटायची, पाण्यात फेकायची.
एवढं तर तिचे हात झोपेतही करतात.

मार्चमध्ये सांतियागोहून एक मुलगी आली, उशिया,
नव्या बुटांवर घसरत.
म्हणाली, शिंपले नकोत. दाढ्या द्या.
बोटभर पसरलं हसू.
दोरिंदानं बालदी भरून दिली, वर एक लिंबू ठेवलं.

मग ती दर गुरुवारी.
सांगायची: ओल्या भिंतीवर रंग धरत नाही,
ओल्या जखमेवर पट्टी.
आणि हा, बिनडोळ्याचा, बिनहाडाचा,
लाटेच्या तोंडावर एकुलता पाय टेकतो,
पायाच्या खोबणीत धागा ओततो
आणि पाच मिनिटांत बिऱ्हाड थाटून मोकळा.
तसा गोंद करतोय आम्ही,
फाटलेल्या आतड्यासाठी, जहाजाच्या भेगेसाठी.
डुकराच्या कातडीवर परवा नऊ मिनिटं टिकला.

मग?

मग सुटला.

(चिकाटी हा गुण, चिकटपणा हा दोष;
आपल्या भाषेनं दोघांना एकाच डिंकातून काढलं,
सुटण्याला मात्र नीटसं कौतुक दिलं नाही.)

दोरिंदाच्या डोळ्यांपुढे आई. एर्मितास, वय त्र्याण्णव,
दंडावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी.
सुईवरची चिकटपट्टी नर्सनं फुंकर घालत काढली
तरी पट्टीबरोबर दंडही आला.
आई ओरडली नाही. म्हणाली,
बघ, आता मलाही सोलायला लागले.

"चिकटण्याचं पुरे," दोरिंदा म्हणाली.
"तळाच्या दोरावर बघ कधी.
खेकडा आला, गाळ चढला, की हा
आपली दाढी मुळासकट टाकून देतो,
वीतभर सरकून नवी काढतो.
कुठे फाटत नाही, काही नाही.
ते कसं, हे विचार त्याला."

उशियानं वहीत लिहिलं.
कागद भिजलेला. अर्धीच अक्षरं उठली.

उन्हाळाभर आली नाही.
ऑक्टोबरात तांबडं पाणी शिरलं, तराफे बंद,
माणसं धक्क्यावर पत्ते कुटत बसली.
तेव्हा उगवली. डबीत
टपाल तिकिटाएवढा पारदर्शक तुकडा.

"माझ्या हातावर लाव."
परवानगी नाही, म्हणाली उशिया.
"माझा हात आहे. माझी आहे परवानगी."

मनगट बालदीत बुडवलं. ओढलं. नखानं खरवडलं.
धरून होता, मेला.
मग बाटलीतला एक थेंब,
आणि तुकडा पानावरचं दव गळावं तसा
आपणहून बाजूला झाला.
दोरिंदानं मनगट उजेडाकडे नेलं.
लव जागच्या जागी.

घरी आईचा पलंग
भिंतीला टेकवून उभा केलेला होता,
जून महिन्यापासून.

"हं," दोरिंदा म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"अजून एक आहे का तुझ्याकडे?"