बाणावरचा शब्द

आगरवाड्याच्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत,
एक लॅपटॉप, आणि पडदा म्हणून
भिंतीवर चुन्याचा चौकोन.
मी मधोमध एक फुगा काढते,
त्यात टाइप करते : मीठ.
सांगा, याला काय काय जोडायचं?

नामांना तोटा नाही.
ऊन. कोंडी. शापोरा नदी. फावडं.
ऐश्वीचे खारे बांगडे,
त्यांना लगेच चिकटतं मांजर.
कुणीतरी म्हणतं, डोळ्यातलं पाणी. सगळे हसतात.
तो फुगा मी पुसत नाही.

अडतं ते बाणावर.
दोन फुग्यांमध्ये रेघ ओढली
की हे सॉफ्टवेअर रेघेच्या पोटात
आपणहून चार प्रश्नचिन्हं ठेवतं.
तिथं क्रियापद हवं, नाहीतर नकाशा नुसता पसारा,
असं पर्वरीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
एसीत कुडकुडत लिहून घेतलंय मी.

ऊन मीठ 'पिकवतं'. बरं.
नदी कोंडीत 'येते'.
'येते काय? मानशीतून सोडावी लागते,'
युगंधर उभा राहून दुरुस्त करतो,
त्याचा काका मानस राखतो.

मग दुर्वांक. माउस हातात घेऊन
अगदी कोपऱ्यात एक फुगा : बाबा.
मिठापासून तिथवर लांबलचक रेघ.
????

दोन वर्षांमागे भरतीनं त्यांच्या आगराचा बांध फोडला,
तो परत कुणी घातला नाही.
बाबा आता मोपाच्या विमानतळावर
रात्रपाळीत ट्रॉल्या गोळा करतो.

'होतं' लिहितो. खोडतो.
'सोडलं' लिहितो.
कुणी कुणाला, मी विचारत नाही.
वर्ग मदतीला धावतो :
काढतात! विकतात! भरतात!
तो मान हलवतो,
एका बोटानं अक्षरं शोधत राहतो.
काना सापडत नाही, मग सापडतो.

लागतं.

'कुठं लागतं रे?'
'पायाच्या भेगांना.'
'आता कुठं आगर आहे?'
'घामाचं, बाई. बुटात.'

पंखा फिरतोय. मला पुढचा फुगा सुचत नाही.

तेवढ्यात पाव-भाजीचा डबा येतो,
रांग लागते, रांग मोडते,
पहिल्याच घासाला ऐश्वी ओरडते,
'बाई, भाजी अळणी!'

भिंतीवर नकाशा तसाच उजळलेला.
दुर्वांक तोंडात पाव धरून
लॅपटॉपकडे बोट दाखवतो :
'भाजीलापण जोडा ना.
शब्द तोच चालेल.'