ऐकणारे

चोपड्याच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत
आमचा सर्व्हर होता, म्हणजे
रमजान तडवीनं तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून
उभा केलेला एक जिवंत.
मे महिन्यात तो धापा टाकायचा.
लाईट गेली की झोपायचा, आली तरी उठायचा नाही.
मग मी ओला पंचा घेऊन जायचे,
खिडकीला बांधायचे, पंख्याचं तोंड फिरवायचे,
आणि बाहेर वाचक
पुस्तक हातात धरून, नोंदीची वाट बघत.

सात वर्षं लिहिली आम्ही ती नोंदवही.
फुकट नव्हे, मोकळी.
हा फरक रमजान दर बैठकीत सांगायचा
आणि दर बैठकीत कुणीतरी विचारायचं,
म्हणजे फुकटच ना?

त्याचं दुकान अडावद रस्त्याला, मोटर रिवाइंडिंगचं.
पाणबुडी मोटरी उघड्या पडलेल्या, तांब्याची आतडी बाहेर.
सीलबंद मोटर आली की परत पाठवायचा.
'जे उघडता येत नाही ते माझं नाही.
तुमचंबी नाही.
पावती असू द्या तुमच्याकडं.'

मग हेमकांत भारंबेनं पुण्याहून प्रस्ताव आणला.
कंपनीची जागा, कंपनीचं ॲप, शून्य रुपये,
बटण दाबलं की झालं.
बैठकीला शेवभाजी होती, रस्सा असा जाळ
की वाद घालताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी,
खरं कुणाचं, कळायला मार्ग नाही.
यामिनी फेगडे म्हणाली, तत्त्वं थंड खोलीत टिकतात,
इथं पंचेचाळीस आहे.
रमजान म्हणाला, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची,
आपण नुसतं आत राहायचं.
हेमकांत म्हणाला, राहायला तर मिळतंय.
पाच विरुद्ध दोन.
मी पाचांत होते.
लपवत नाही. त्या ओल्या पंच्याचा कंटाळा आला होता मला.

आणि खोटं का बोलू, बरं चाललं.
वाचक चाळीसचे तीनशे झाले.
लासूरची, वैजापूरची, पार उमर्टीकडची पोरं
फोनवरून पुस्तक राखून ठेवतात.
कंपनी बुडाली नाही, पैसे मागितले नाहीत,
रातोरात काही गायब झालं नाही.
रमजानचं एकही भाकीत खरं ठरलं नाही,
त्यानंही पुन्हा विषय काढला नाही.

फक्त एक रकाना.

जुन्या नोंदवहीत 'वाचणारे'च्या शेजारी
'ऐकणारे' असा रकाना होता.
सुमित्रा बारेला, इयत्ता सातवी,
एकदा पुस्तक परत करताना म्हणाली होती,
मी एकटी कुठं वाचते, घरात पाच जण ऐकतात,
त्यांना का नाही लिहीत?
रमजान तिथंच बसला. तासाभरात रकाना तयार.
पुढं त्यात काय काय येत गेलं:
आई.
मोठा काका, अर्धाच, मधेच झोपतो.
शेजारची दगूबाई, भांडण नसेल तेव्हा.
एकानं तर बैलांची नावं लिहिली होती.
आम्ही खोडली नाहीत.

नव्यात तो रकाना नाही.
तीनदा लिहिलं कंपनीला.
तीनदा उत्तर आलं, शुद्ध मराठीत:
आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.

परवा संध्याकाळी दुकानावर गेले.
टेबलाखाली तोच सर्व्हर, वर गोणपाट टाकलेलं,
बाजूनं हिरवा दिवा लुकलुकत.
'चालू शे,' रमजान म्हणाला, वर न बघता.
कुणासाठी रे?
'सुमित्रा येते बाजारच्या दिवशी.
कोण कोण ऐकलं ते लिहून जाते.'
एवढंच.
एका मोटरीचं झाकण काढत होता, स्क्रू अडलेला,
घाम नाकाच्या शेंड्यावर.
'ताई, बॅटरी धरा जरा.
तिथं नाही,
आत.'