हीर, हीर, उंड हीर

साखर पेठेत बोद्दुलांच्या कारखान्यावर
पत्र्याच्या खोलीत मी जर्मन शिकवतो.
खाली बारा माग, टॉवेलचे.
वर अकरा मुली, दोन मुलं, सगळी नर्सिंग झालेली,
आणि एक फळा, जो मागांबरोबर थरथरतो;
त्यामुळं माझं अक्षर
आहे त्याहून वाईट दिसतं.

पहिला महिना मी ओरडून काढला.
डेर, डी, डास.
टेबल पुरुष कसं, दार बाई कशी,
आणि मुलगीच नपुंसकलिंगी का, मुबीना बागवाननं विचारलं.
म्हणालो, तिकडं जाऊन त्यांनाच विचार.
मागच्या बाकावर संगप्पा बिराजदार:
घरी कन्नड, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी,
मुबीनाशी भांडायला दखनी.
चार भाषा फुकटात आलेला पोरगा
पाचवीला पैसे भरून घाम गाळत होता.

एका मंगळवारी माझा घसा बसला.
बोलता येईना, म्हणून टेबल वाजवलं,
खालच्या मागाच्या तालावर.
खटक-खट, खटक-खट,
धोटा तिकडं जातो तेवढ्यात एक शब्द,
परत येतो तेवढ्यात दुसरा.
चाल संगप्पानं लावली. कुठली कुणास ठाऊक,
थोडी गड्ड्यातल्या पाळण्याची,
थोडी वरातीच्या बँडची.
गाणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं,
दवाखान्यातला एक प्रश्न, एक उत्तर:

वो टुट एस वे?
हीर, हीर, उंड हीर.

पुढच्या कडव्यात पाठ आली, पाय आले,
आणि त्या दोन्ही शब्दांत लपलेला तो आवाज,
ज्याच्यासाठी तीन आठवडे पोरींना
आरशासमोर उभं केलं होतं:
ओठ चुलीवर फुंकर मारायचे, सूर 'ई'चा.
गाताना तो आपोआप आला.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात खालून गुंडेटी मागवाला जिना चढून आला.
वाटलं, आली तक्रार.
म्हणाला, सर, तुमचं चुकतंय.
ताण्याचा धागा तुटला की माग थांबतोय.
तुम्ही थांबतच नाही की.
पोरी श्वास कुठं घेणार?
तेव्हापासून दोन ओळींच्या मध्ये
आम्ही एक धागा तुटू देतो.

लावण्या चिलवेरी विडी घरकुलातून येते.
तिची आई नागमणी, मांडीवर सूप,
कात्री, पान, तंबाखू, दोरा,
दिवसाला हजाराचा हिशोब,
आणि तोंडात चार महिने आमचं गाणं.
पोरगी म्हणते म्हणून तीही म्हणायची,
'उंड'वर बरोबर दोऱ्याची गाठ बसायची.
एकदा तिनं विचारलं, याचा अर्थ काय गं?
लावण्या म्हणाली, येक्कड नोप्पी.
कुठं दुखतंय.

सूप खाली ठेवलं तिनं.
असं विचारतात होय तिकडं? परक्या माणसाला?
मग डावा अंगठा दाखवला, मग मनगट,
मग हात कमरेमागं नेऊन
गाण्यातलंच उत्तर दिलं, चालीत, न चुकता:
हीर. हीर.
उंड हीर.

लावण्यानं हे मला जिन्यात सांगितलं,
परीक्षेच्या आदल्या दिवशी, चपला घालता घालता,
आणि निघून गेली.
ऐकण्याच्या पेपरात तिला पंचावन्न पडले.
साठ लागतात.
मार्चमध्ये परत बसेल.

काल दुपारी वीज गेली.
बारा माग एका दमात गप्प,
आणि खोलीत तेरा तोंडं उघडी,
शब्द कुठल्या कुठं.
फळा थरथरायचा थांबला;
माझं अक्षर पहिल्यांदाच स्थिर दिसलं,
आणि वाईटच होतं.

मग लावण्यानं नखानं बाक वाजवला.
खटक-खट.
मुबीनानं वहीचा पुठ्ठा. संगप्पानं टाच.
लय जरा घाईची होती, कुणी थांबेना,
तेवढ्यात अंधाऱ्या शेडमधून
गुंडेटीचा आवाज जिन्यानं वर आला:
"धागा तोडा की रे, धागा!"