आजीव सभासद

आदगोंडा मगदूम, आजीव सभासद क्रमांक अकरा.
एकाहत्तर साली एकशे एक रुपये भरले,
पावती अजून पाकिटात.
रोज साडेचारला दुधगावच्या वाचनालयात
पंख्याखालची खुर्ची धरतात,
छोट्या जाहिरातींसकट पेपर संपवतात.

मी खजिनदार. वीजबिल पुढ्यात घेऊन
मनातल्या मनात त्यांना व्याज लावतो.
मग लाज वाटते.

माळ्यावर आम्हीच छापलेला
गावच्या भजनी मंडळांचा इतिहास.
पाचशे प्रती. तीनशे बारा पुरात फुगल्या,
उरलेल्यांना वारणेचा वास.

परवा त्यांनी एक मागितली.
म्हटलं, डागाळलीय, तशीच न्या.
"छापील किंमत किती?"
साठ.
दहाच्या सहा नोटा, थुंकी लावून मोजलेल्या.
"पावती फाडा."

फाडली. कार्बन उलटा लागलेला:
साठ रुपये त्यांच्याच पावतीच्या पाठीवर उमटले,
माझं पान कोरं.