सात नंबर

अठरा वर्षं मोजे घेतले तिच्याकडून.
मोजे, छत्री, विजेरीचे सेल,
एकदा व्लास्तासाठी लोकरी चपला,
त्या तिने घातल्या नाहीत, म्हणाली चावतात.
मग टपरी गेली, तिथं काचेचं दार आलं,
दारावर वाफाळता वाडगा रंगवलेला.
मी रोज समोरून जायचो
स्टेशनाकडे,
जिथं आता माझं काहीच काम नाही.

छत्तीस वर्षं सांधे बदलले मी.
मालगाडी इकडे, प्रवासी तिकडे,
जर्मनीची हद्द अकरा किलोमीटरवर;
पण जिभेचे रूळ कधी बदलले नाहीत.
सोमवारी मसूर. मंगळवारी कोबी.
रविवारी उकडलेले क्नेडलिक, दोऱ्यानं कापलेले,
व्लास्ता होती तोवर बोटभर जाड,
नंतर दुकानातले, कसेही.

आज काही वाढदिवस नव्हता.
कुत्री बांधायला त्यांनी दाराबाहेर
एक लोखंडी कडी ठोकली होती, एवढंच.
झोफ्काला बांधलं आणि आत गेलो,
जणू तिनंच मला बांधून ठेवायचं ठरवलं होतं.

यादीतलं एक नाव वाचता येईना.
नाकं, टोप्या, शेपट्या लावलेली अक्षरं.
(आमच्याही अक्षरांना टोप्या असतात,
पण त्या घरच्या.)
शेजारी आकडे होते.
सात, म्हणालो.
आमच्या यार्डात सात नंबरचा रूळ
गंजून पडलाय, मधोमध बर्च उगवलाय,
त्याची आठवण झाली म्हणून सात.

वाडगा आला, तोंड धुवायच्या भांड्याएवढा.
वास आला दालचिनीचा.
दालचिनी आमच्याकडे डिसेंबरात निघते
आणि जानेवारीत मुकाट कपाटात जाते.
गोमांसाच्या रश्श्यात, मार्च महिन्यात,
ती काय करत होती, कोण जाणे.
वर हिरवा पाला. एक पान चावलं:
लष्करातल्या बराकीतला ढेकूण,
चिरडलेला, हुबेहूब.
बाकीचा पाला कडेला लावला, बर्फ लोटतात तसा.

दोन काड्या होत्या.
रूळ समांतर जातात, भेटत नाहीत;
ह्यांनी मात्र नेमकं टोकाशी भेटायचं होतं.
शेवया परत परत घसरून घरी जात होत्या.
तिनं न बोलता एक काटा आणून
वाडग्यामागे ठेवला, इतरांना दिसू नये असा.

गाव तिला लेंका म्हणतं.
खरं नाव विचारायचं राहिलं,
आधी संकोचानं, मग फार उशीर झाल्यामुळे.
ती समोरच्या टेबलावर शेंगा मोडत बसली.
म्हणाली, ब्याऐंशीत आले, बुटांच्या कारखान्यात.
पहिल्या दिवशी तुमच्या कँटीनमध्ये
मांसावर फेटलेली साय.
साय! वर लिंबाची चकती, बोरांचा मुरंबा.
मला वाटलं कुणीतरी पुडिंग सांडलंय,
बिचाऱ्याला ओरडा बसू नये
म्हणून मी रुमालानं पुसून काढलं.
ओरडा मलाच बसला.

आणि शेपूची आमटी? मी विचारलं.
तिनं शेंग कडकन मोडली.
त्याबद्दल नको बोलायला.

रस्सा निम्म्यावर आला तेव्हा
नाक वाहत होतं, चष्म्यावर धुकं,
कानाच्या पाळ्या गरम.
हिवाळाभर घरातला हीटर तीनवर ठेवून
जे जमलं नव्हतं ते.
शेवटी कडेचं एक पान पुन्हा उचललं.
ढेकूणच.
पण आता ओळखीचा.

पैसे देताना म्हटलं, ह्या साताला नाव काय?
ती म्हणाली. मी म्हणालो.
तिनं मान हलवली, परत म्हणाली.
मी ओठ गोल केले, शेवट जरा वर उचलला,
प्रश्न विचारावा तसा.
ती हसत सुटली, शेंगा खाली सांडल्या.
अहो, तसं म्हटलं तर त्याचा अर्थ रस्ता होतो.
तुम्ही आत्ता माझ्याकडे
एक वाडगा रस्ता मागितलात.

बाहेर झोफ्का कडी ओढत होती.
मी परत म्हणालो.
परत रस्ताच.