पाठकोरे

जून संपेपर्यंत पाटीच्या मांडणीत एकच नाव होतं
आणि त्याखाली सहा इंच निळी, रिकामी जागा.
ईरी, पेनसिल्व्हेनिया. सरोवराकाठचा छापखाना.
मालक कॅसिमिर व्रोना म्हणाला,
दुसरं नाव येईल तेव्हा येईल, तू जागा धरून ठेव.
मी धरून ठेवली,
एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी.

हिवाळ्यात दोघांच्याही पाट्या छापल्या आम्ही, एकाच यंत्रावर.
सकाळी अडेल ब्रँडविक, दुपारी टोबायस रेनफ्रो.
मधे रूळ धुवायचे.
तिनं त्याला विकाऊ म्हटलं, त्यानं तिला सरड्याची जात,
आणि इथे डोलोरेसनं ग्लेनशी बोलणं टाकलं.
अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेली माणसं.
एप्रिलपासून ती गाडीत बसून जेवते,
काचा वर करून.

जिंकली ब्रँडविक. थोडक्यात, आणि नीट नाही.

मग सोयरीक बघणं सुरू झालं.
वकील बसले म्हणे, चाळीस पानी प्रश्नावली घेऊन:
कर भरलात का, कुणाला काय लिहिलंत,
विशीत कुणाबरोबर कुठे पोहलात.
कुळशील, गण, नाडी सगळं आलं,
फक्त मंगळाच्या जागी मिशिगन.

माझे वडील कराडला लग्नपत्रिका छापायचे.
रुसलेल्या काकांचं नाव कुठल्या ओळीत, केवढ्या टायपात,
यावर रात्री जायच्या.
मोडलेल्या लग्नांचे गठ्ठे घरी यायचे.
त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी पाढे लिहिले.
एकोणतीसचा पाढा अजूनही म्हणायला गेले
की कागदापलीकडून उलटा गणपती दिसतो.

म्हणून मला नवल वाटलं नाही
प्रचारकचेरीनं लेखी कळवलं तेव्हा:
दुसरं नाव पहिल्याच्या बासष्ट टक्के. त्रेसष्ट नाही.
पाच नावांच्या पाच फाइली केल्या, कुलूपबंद.
डोलोरेसनं एकदाच विचारलं, तो आहे का त्यात?
मी म्हटलं, सही केलीय गं मी.
ती यंत्र पुसत राहिली.
मग म्हणाली, बासष्ट टक्क्यांत तो मावेल का पण.

बुधवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फोन.
पाचांतलं एकही नाही.
पलीकडची मुलगी एकेक अक्षर सांगत होती,
तीही पहिल्यांदाच वाचत असावी.
एल्डन प्रुइट. नेब्रास्का. मूळचा गुरांचा डॉक्टर.
मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा हळू.
सहा इंचांत तो सहज बसला.
दोन्ही बाजूंना जागा उरली.

पहिला ताव बाहेर आला, ओला.
यंत्राच्या या टोकाला ग्लेन, त्या टोकाला डोलोरेस,
आणि दोघांच्या तोंडून एकदम:
हा कोण?
एप्रिलनंतरचं पहिलं बोलणं,
तेही एकमेकांशी नव्हे, तावाशी.

कॅसिमिर म्हणाला, चाळीस हजार, शुक्रवारपर्यंत.
आणि कॉफी शोधायला गेला.

डोलोरेसनं रद्दीच्या पेटीतून रेनफ्रोची एक पाटी ओढली.
चांगला जाड कागद.
क्षणभर दिव्यासमोर धरली,
मग उलटी केली
आणि पाठीवर पेन्सिलीनं पाळ्या मांडल्या:
रात्र ग्लेन. पहाट मी.
खाली रेघ मारली. रेघेवर पुन्हा रेघ.
मान वर न करताच म्हणाली,
तुझ्या त्या लसूण घातलेल्या काकड्या,
मुरवतोस का अजून?