एका बोटापुरतं

आमच्या गावात मैदान एकच, तेही समुद्राकडे कललेलं.
वर उतारावर मेंढ्या, खाली लाटा,
मधे आम्ही अकरा जण, त्यातले सात चुलतभाऊ.
चेंडू पाण्यात गेला की म्हातारा सोर्ली होडी काढायचा,
शिव्या घालत,
पण न चुकता.

फेरो बेटांवरचा वारा पेनल्टीलाही थांबत नाही.
चेंडू ठिपक्यावर ठरेचना, म्हणून
एकानं पालथं पडून त्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्यानं मारायचं.
ह्यालग्रिमसाठी ते बोट माझं.
आठ वर्षं त्याचा बूट माझ्या नखाला चाटून गेला
आणि मी कधी डोळे मिटले नाहीत.
एकदा मिटले. त्याला सांगितलं नाही.

मग त्याला डेन्मार्कनं नेलं.
पगारी खेळाडू! करारपत्राची घडी
आईनं मिठाच्या डब्यात ठेवली, कोरडी राहावी म्हणून.
नऊ हंगाम. टीव्हीवर दिसायचा, एवढासा,
उजव्या बगलेला, कायम कुणाच्या तरी मागे धावणारा.
इथे जो सगळ्यांच्या पुढे असायचा.
दोन गुडघे गेले, एक लग्न गेलं,
आणि एका शनिवारी बोटीवरून उतरला
एक बॅग आणि प्रशिक्षकाचा परवाना घेऊन.

मी तेव्हा मासळीच्या कारखान्यात पहाटपाळीला,
संध्याकाळी अजूनही डावा बचाव. वय सदतीस.
मिठी मारून म्हणाला, "तुझ्या अंगाला तोच वास."
पहिल्या सामन्याची यादी त्यानं स्वतः दाराला ठोकली.
मी ती वरून वाचली. खालून वाचली.
मग उगीच खिळा नीट बसलाय का ते पाहिलं.

बायको म्हणाली, "अरे, त्याच्या जागी तू असतास तर..."
म्हटलं, त्याच्या जागी मी कधी नव्हतोच.

पण बाकावरून माणूस वेगळा दिसतो.
खेळताना मला त्याची फक्त पाठ दिसायची.
आता दिसायचं, पोरं धावली की त्याची पोटरी थरथरते,
ऑफसाइड मागायला हात आपोआप वर जातो
आणि मग तो हात केसांतून फिरतो, जणू त्यासाठीच उचलला होता.
रात्री क्लबात दिवा. बाटल्यांची बुचं टेबलावर मांडून
एकटाच सरकवत बसलेला.
एक बूच तो सारखा उचलायचा आणि बाहेर ठेवायचा.
ते मी असणार.

ऑक्टोबर. शेवटचा सामना, बरोबरी, नव्वदावं मिनिट, पेनल्टी.
कोपऱ्यातलं निशाण वाऱ्यानं आडवं झोपवलेलं.
मारणार रोग्वी, वय अठरा, ओठ निळे.
तीनदा चेंडू ठेवला, तीनदा घरंगळला.
ह्यालग्रिम माझ्याकडे वळला.
"ऊठ."
फलक वर गेला: एक माणूस बाहेर, एक आत.
बोटापुरता.

मी पालथा पडलो. गवत ओलं, लेंड्यांच्या वासाचं.
पोरगा धावत येत होता, आणि मी त्याच्याकडे नाही,
रेषेकडे पाहिलं.
तिथे काळ्या चामडी बुटातला एक उजवा पाय
हलकेच मागे गेला होता.

चेंडू खांबाला लागून समुद्रात.
सोर्ली आता नाही. त्याचा नातू होडी काढतो,
शिव्याही देतो, पण ती चव नाही.

ह्यालग्रिम आत आला, पोराच्या डोक्यावर टॉवेल टाकला,
माझ्याशेजारी बसला, बराच वेळ नाडीची गाठ सोडत.
"डोळे मिटलेस?"
"नाही."
"पूर्वी एकदा मिटले होतेस."